जोडघर

थॉर्नबीच्या उतारावर, लिंकनशायरच्या वाऱ्यात,
एक ऐसपैस घर दिसते.
दोन धुराडी, मधोमध उंच त्रिकोणी माथा,
त्यावर दगडात सन अठराशे एकाहत्तर
आणि जहागीरदाराच्या नावाचे वळसेदार अक्षर.
जवळ गेलात की कळते, घरे दोन आहेत.
दारे बाजूंना, एक उगवतीला, एक मावळतीला :
रस्त्यावरच्या बग्गीला भारदस्त काही दिसावे
आणि आतल्या बायकांना
उंबऱ्यावर उभ्याउभ्या बोलता येऊ नये.

सूचीत याची नोंद आहे एका ओळीची :
नियोजनबद्ध रचना, विशेष महत्त्व.

मावळतीच्या दारात ऑड्री पिंचबेक, वय ब्याऐंशी.
तिला खिडक्या हव्यात प्लास्टिकच्या, दुहेरी काचेच्या.
मी कौन्सिलची. मी नाही म्हणायला आले आहे.
पण आधी सगळे बघते, तसा नियम आहे.

बिडाची जाळी, शंकरपाळ्याच्या आकाराची तावदाने,
फटींत जुने मोजे कोंबलेले.
विटा इथल्याच मातीच्या. माती काढली तिथे आता तळे आहे,
तळ्यात बदके.
उत्तरेच्या भिंतीत कुणीतरी सत्तरच्या सुमारास सिमेंट भरले.
चुना भिजतो, सुकतो, भिंतीचे ऐकतो.
सिमेंट ऐकत नाही, मग वीटच तोंड सोलून घेते.
हे मी समजावून सांगते.
ती चहात दूध ओतत राहते.

"पूर्वी कारभारी यायचा," ती म्हणते,
"वर्षातून एकदा, घोड्यावरून, मग लँडरोव्हरमधून.
दार हिरवेच हवे. डुक्कर एकच. भाडेकरू ठेवायचा नाही.
जहागीर मोडली तेव्हा वाटलं, सुटलो.
आता तू येतेस.
तुझा आवाज तेवढा बरा आहे."

यावर उत्तर असेल तर माझ्या फायलीत नाही.

कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीचे अक्षर.
तिचा नवरा सिरिल, गोठ्यावर होता.
जानेवारी ६३, बादलीत बर्फ चार बोटे.
खाली, फेब्रुवारी, पाच बोटे.
त्याखाली, मुलगी, पहाटे पाच. चौदा नंबरचीही व्याली.
मी फोटो काढते. ती हसते :
"गायीचा आकडा आधी लिहिला होता त्याने,
मी खोडायला लावला."

मग ती फडताळातल्या बरण्या एकेक खाली ठेवते,
मागच्या भिंतीतली एक वीट धरते दोन्ही हातांनी
आणि सहज बाहेर ओढते, जसा खण ओढावा.
कानाच्या उंचीवर एक चौकोनी अंधार.
तिची सासू इथे उभी राहायची, पलीकडे मिसेस डॉब्नी.
मीठ, खमीर, एकदा म्हणे एक अख्खे जिवंत पिल्लू,
आणि बोलणे, बोलणे,
साऱ्या जहागिरीच्या नकाशाला वळसा घालून.

मी वाकून बघते. टोकाला पांढरा प्लास्टर बोर्ड.
पलीकडे आता शनिवार-रविवारचे पाहुणे.
त्यांना ठाऊक नाही.

रकाना सातवा : मूळ रचनेत विनापरवाना फेरफार.
रकाना आठवा : पूर्ववत करावा काय?
पेन बराच वेळ हातात राहते.
सातव्यात लिहिते, आहे, जतन करावा.
आठवा कोरा.

खिडक्यांचे सांगते : आतून वेगळी काच बसवता येईल,
थंडीपुरती, वसंतात काढून ठेवायची.
अनुदान आहे. अर्ज बावीस पानांचा.
"बावीस?" ती म्हणते,
आणि वीट परत ढकलते,
पूर्ण नाही,
बोटाच्या पेराएवढी बाहेर ठेवून.